टाक, काढ, राहा : फ्रेजल व्हर्ब्जचा सराव घरच्या घरी

"सर, 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. मग 'गिव्ह अप' म्हणजे वर देणे काहून नाही होत?"

नागपुरातल्या माझ्या इंग्रजीच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. यंदा विचारणारा मुलगा बुटीबोरीहून ड्यूटी संपवून थेट वर्गावर येतो. मी त्याला उलट विचारलं, "आत्ता काय करून राहिला?"

"काही नाही सर, बसून राहिलो."

"आणि राहतो कुठं?"

"मानेवाड्याले."

"मग 'बसून राहिलो'मधलं राहणं आणि मानेवाड्याचं राहणं एकच आहे का?"

तो गप्प झाला, मागच्या रांगेतून हसू आलं. पुण्याकडची मंडळी आपल्या 'जाऊन राहिलो', 'करून राहिलो'ची टर उडवतात. उडवू द्या. फ्रेजल व्हर्ब, म्हणजे 'गिव्ह अप'सारखी क्रियापद आणि छोट्या शब्दाची जोडी, शिकायला बसल्यावर आपलं हेच 'राहिलो' फार कामाला येतं. त्यातलं 'राहणं' घरदाराचं नाही, काम चालू असल्याचं आहे, हे नागपूरच्या कुठल्याही पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

तसंच 'खाऊन टाक'. ताटात उरलेली पोळी 'खाऊन टाक' म्हणणारी आई खरं तर 'टाकू नकोस' असंच सांगत असते! 'टाक'चा फेकण्याशी संबंध उरलेला नाही. एकदाचं संपव, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत हे काम 'अप' करतो : 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'फिनिश अप'. शाळेत आपण याला संयुक्त क्रियापद म्हणायला शिकलो. फरक इतकाच, की आपल्याकडे मूळ क्रियापदाच्या मागे दुसरं क्रियापद येतं, तर इंग्रजीत दिशा दाखवणारा छोटा शब्द येतो : अप, आउट, ऑन, ऑफ. त्या शब्दाला मी वर्गात 'शेपूट' म्हणतो, या लेखातही तेच म्हणेन.

या शेपटांनी रडकुंडीला येणारे आपण पहिले नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, की परक्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच नंतरचं. लोगन पिअरसल स्मिथ या लेखकाने १९२५ साली ते छापलं आणि रूढ केलं.

आधी मराठीतून शेपूट ओळखा

इंग्रजी यादी उघडण्याआधी एक संध्याकाळ फक्त मराठीला द्या. कोरा कागद घ्या आणि घरात दिवसभर कानावर पडलेली जोडक्रियापदं लिहा. शोधून काढलं, झाडून काढलं, सोडून दिलं, लिहून घेतलं, फेकून दिलं, बोलत राहिला, मोडून पडलं, उठून बसला. वीसेक सहज होतात. मग शेपटाप्रमाणे त्यांचे गट पाडा.

'काढ'चा गट पाहा. शोधून काढणं म्हणजे 'फाइंड आउट', निवडून काढणं 'पिक आउट', झाडून काढणं 'स्वीप आउट', निस्तरून काढणं 'सॉर्ट आउट'. आतलं, लपलेलं किंवा गुंतलेलं काहीतरी बाहेर आणायचं, ही भावना 'काढ'मध्ये आहे आणि 'आउट'मध्येही. 'राहा'चा गट 'ऑन'शी जुळतो : बोलत राहा म्हणजे 'गो ऑन', काम करत राहा म्हणजे 'कॅरी ऑन', धरून राहा म्हणजे 'होल्ड ऑन'. 'परत'चं काम 'बॅक' करतो आणि ते इतकं सरळ आहे, की त्यावर वेळ घालवू नका. 'देऊन टाक', 'फेकून दे' यांत वस्तू आपल्यापासून दूर जाते, तिथे 'अवे' येतो : 'गिव्ह अवे', 'थ्रो अवे'.

'डाउन' दोन वाटांनी जातो. एक कमी होण्याची : 'स्लो डाउन', 'कूल डाउन', 'कट डाउन'. दुसरी कागदावर उतरण्याची : 'राइट डाउन', 'नोट डाउन'. आपणही 'उतरवून घे' म्हणतोच की.

ही जुळणी शंभर टक्के चालत नाही, हेही आत्ताच सांगतो. विझवून टाकणं म्हणजे 'पुट आउट', तिथे 'टाक'च्या जागी 'आउट' आला. 'गिव्ह अप'मधल्या 'अप'ला तुम्ही कितीही पिळलं तरी त्यातून 'सोडून दे' निघत नाही. म्हणून हा तक्ता नियम म्हणून पाठ करू नका. शेपटाला स्वतःचा स्वभाव असतो आणि तो अधूनमधून बिघडतो, एवढं कानाला कळलं की पुरे.

किती शिकायचे आणि कोणते

सीताबर्डीच्या फूटपाथवर 'हजार फ्रेजल व्हर्ब्ज' छापाची पातळ पुस्तकं मिळतात. ए पासून झेड पर्यंत यादी, समोर एका शब्दात मराठी अर्थ. अशी पुस्तकं घेणारे 'अकाउंट फॉर', 'ॲक्ट अप' इथवर येतात आणि 'बी'वर थकतात. माझं मत विचाराल तर वर्णानुक्रमे शिकण्यासारखा वेळेचा नास दुसरा नाही.

२००७ साली डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या दोन अभ्यासकांनी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह तपासला. त्यांना आढळलं, की अवघी २० क्रियापदं आणि ८ शेपटं यांच्या जोड्या मिळून संग्रहातल्या निम्म्याहून अधिक फ्रेजल व्हर्ब्ज होतात. 'गो ऑन', 'कॅरी आउट', 'सेट अप', 'पिक अप', 'फाइंड आउट', 'पॉइंट आउट' ही त्यांच्या यादीत वरच्या जागी आहेत. म्हणजे गो, कम, टेक, गेट, पुट, टर्न, लुक, ब्रिंग, ब्रेक असली शाळेच्या पहिल्या वर्षातली क्रियापदं पक्की असली, की निम्मा डोंगर चढून झाला.

पक्की म्हणजे तिन्ही रूपांसकट पक्की. गो, वेंट, गॉन. टेक, टुक, टेकन. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. शेपूट बरोबर लावून 'हॅज वेंट ऑफ' म्हणणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना फ्रेजल व्हर्बचा नाही, रूपांचा सराव कमी पडलेला असतो.

आठवड्याला पाच घ्या, जास्त नको. सात महिन्यांत दीडशे होतात आणि रोजच्या बोलण्याला दीडशे खूप झाले. पाच निवडताना ते एकाच प्रसंगातले असू द्या. एकाच क्रियापदाचे नकोत. 'गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे' असे पाच एकाच दिवशी घेतले, तर सगळ्यांचे चेहरे सारखे दिसतात आणि आठवड्याभरात त्यांचा चिवडा होतो. त्यापेक्षा 'सकाळची घाई' हा प्रसंग घ्या : 'वेक अप' म्हणजे जाग येणं, 'गेट अप' म्हणजे अंथरुणातून उठणं, 'पुट ऑन' म्हणजे कपडे अंगात घालणं, 'सेट ऑफ' म्हणजे निघणं, 'रन आउट ऑफ' म्हणजे साखर नेमकी तेव्हाच संपणं. जाग सहाला येते आणि उठणं सातला होतं, हा पहिल्या दोघांतला फरक तर हिवाळ्यातल्या नागपूरकराला समजावून सांगायची गरजच नाही.

मेट्रो हा दुसरा चांगला प्रसंग. मेट्रोत चढणं 'गेट ऑन', उतरणं 'गेट ऑफ'. ऑटोत बसणं मात्र 'गेट इन' आणि उतरणं 'गेट आउट'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे 'ऑन-ऑफ', ज्यात वाकून शिरावं लागतं तिथे 'इन-आउट'. दुचाकीवर आपण वर बसतो म्हणून पुन्हा 'ऑन-ऑफ'. खापरीहून लोकमान्य नगरला जायचं, तर सीताबर्डीला ऑरेंज लाइनवरून 'गेट ऑफ' आणि ॲक्वा लाइनवर 'गेट ऑन'. हा प्रवास करता करता मनात बोला. वेगळा अभ्यास लागत नाही.

वही कशी ठेवायची

डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी वाक्य. सुटा शब्द आणि सुटा अर्थ कधीही लिहू नका. 'गो ऑफ' पुढे काय लिहाल? गजर 'वेंट ऑफ' म्हणजे वाजला. लाइट 'वेंट ऑफ' म्हणजे गेले. दूध 'वेंट ऑफ' म्हणजे नासलं. फटाका 'वेंट ऑफ' म्हणजे फुटला. एका शब्दात अर्थ लिहायला गेलात की फसलात. आपल्याला वाटतं 'ऑफ' म्हणजे बंद, म्हणून 'द अलार्म वेंट ऑफ' ऐकलं की डोक्यात गजर बंद पडतो आणि प्रत्यक्षात तर तो वाजत असतो!

म्हणून वाक्यं अशी लिहा : 'लाइट गेले होते, फ्रिज बंद होता, दूध नासलं.' समोर : 'द लाइट्स वेंट ऑफ, द फ्रिज वॉज ऑफ, अँड द मिल्क वेंट ऑफ.' मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना हे वाक्य घरात खरोखर घडतं, त्यामुळे विसरत नाही. पुस्तकातली जॉन आणि मेरीची वाक्यं उतरवू नका. वहीत तुमचीच माणसं हवीत : आजीनं औषध घ्यायचं सोडलं, दादानं गाडी घ्यायचं पुढे ढकललं, वहिनी स्टेशनवर घ्यायला आली.

सुरुवातीला एका फ्रेजल व्हर्बचा एकच अर्थ घ्या, फार तर दोन. 'पिक अप'चे उचलणं, घ्यायला जाणं, फोन घेणं, ऐकून ऐकून भाषा शिकणं असे बरेच आहेत. पहिले दोन तोंडात बसले, की पुढचे महिन्याभराने आपोआप भेटतात.

उजळणीची पद्धत साधी आहे. उजवी बाजू हाताने झाका, डावं वाक्य वाचा आणि इंग्रजी मोठ्याने बोला. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. मोबाइलवर करायचं असेल तर अँकी नावाचं ॲप हे अंतर स्वतःच सांभाळतं. वही असो की ॲप, ओठ हलले पाहिजेत. मनातल्या मनात केलेली उजळणी परीक्षेला चालते, बोलायला चालत नाही.

'इट' कुठे बसतो?

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण अर्थ माहीत असूनही माणूस इथेच अडखळतो.

'टर्न ऑफ द कूलर' बरोबर. 'टर्न द कूलर ऑफ' हेही बरोबर. पण कूलरच्या जागी 'इट' आला, की तो मध्येच बसतो : 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चालत नाही. उलट वस्तूचं नाव लांबलचक असेल तर ते मागे जातं, म्हणून मामानं इतवारीतून आणलेला तो जुना कूलर अख्खा 'टर्न' आणि 'ऑफ'च्या मध्ये कोंबू नका.

ही झाली तुटणारी जात. दुसरी जात न तुटणारी. 'लुक आफ्टर', 'रन इंटू', 'कम अक्रॉस', 'डील विथ', 'गेट ओव्हर'. इथे 'इट' किंवा 'हिम' शेवटीच : 'लुक आफ्टर हिम'. तीन शब्दांचे बहुतेक याच जातीत मोडतात : 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणं, 'कम अप विथ' म्हणजे युक्ती काढणं. तिसरी जात अशी, की जिला कर्मच लागत नाही : गाडी 'ब्रोक डाउन', पोरं 'ग्रू अप'. ती सोपी आहे.

कोणता कुठल्या जातीचा, हे कसं ओळखायचं? कोश पाहा. लाँगमनच्या ऑनलाइन कोशात तुटणाऱ्या जोडीच्या मध्ये दुतोंडी बाण असतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थ्यांसाठीचे ऑनलाइन कोश 'समथिंग' हा शब्द कुठे ठेवतात ते बघा, मध्ये असेल तर तुटतं. हे सगळे फुकट पाहायला मिळतात.

एक कसोटी माझ्या आवडीची आहे. 'वी टर्न्ड ऑफ द कूलर' आणि 'वी टर्न्ड ऑफ वर्धा रोड'. दिसायला दोन्ही सारखी. पहिल्यात कूलर बंद केला, दुसऱ्यात वर्धा रोड सोडून आत वळलो. आता दोन्हीकडे 'इट' घालून पाहा. कूलर 'टर्न्ड इट ऑफ' होतो, रस्ता होत नाही, तो 'टर्न्ड ऑफ इट'च राहतो. दुसऱ्या वाक्यात 'ऑफ' हा शेपूट नाहीच, तो रस्त्याला चिकटलेला साधा शब्द आहे. मराठीत 'तो जेवून गेला' आणि 'तो झोपून गेला' यांत हाच फरक आहे. पहिल्यात माणूस खरंच गेला, दुसऱ्यात कुठेही गेला नाही, तो अंथरुणातच आहे.

सराव असा करा. खोलीत उभे राहा, दहा वस्तूंना हात लावा, प्रत्येकीला आधी नावाने आणि मग 'इट'ने बोला. शर्ट : 'पुट ऑन द शर्ट, पुट इट ऑन, टेक इट ऑफ.' मोबाइल : 'पिक इट अप, पुट इट डाउन.' कचऱ्याची बादली : 'टेक इट आउट.' जुनी बिलं : 'थ्रो देम अवे.' दोन मिनिटं, रोज, पंधरा दिवस. पंधराव्या दिवसानंतर 'टर्न ऑफ इट' हे कानालाच खुपायला लागतं, नियम आठवावा लागत नाही.

हात चालू, तोंड चालू

वहीच्या बाहेरचा माझा लाडका सराव संत्र्याचा. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबरपासून बाजारात दिसू लागतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. एक संत्रं हातात घ्या. 'पिक इट अप.' साल काढा : 'पील ऑफ द स्किन.' फोडी सुट्या करा : 'पुल देम अपार्ट.' बी थुंका : 'स्पिट आउट द सीड्स.' संपवा : 'ईट इट अप.' साल टाका : 'थ्रो इट अवे.' सहा फ्रेजल व्हर्ब्ज, एक संत्रं. घरची मंडळी दोन दिवस विचित्र नजरेनं बघतील, तिसऱ्या दिवशी धाकटी पोरंही म्हणायला लागतील.

उन्हाळ्याची आवृत्ती कूलरची. मार्च आला की नागपुरात घरोघरी कूलर माळ्यावरून उतरतो. तो सगळा सोहळा इंग्रजीत सांगत सांगत करा. खाली उतरवा : 'टेक इट डाउन.' धूळ पुसा : 'वाइप ऑफ द डस्ट.' मागच्या वर्षीचं गवत काढा : 'टेक आउट द ओल्ड ग्रास.' नवं बसवा : 'पुट इन द न्यू ग्रास.' टाकी भरा : 'फिल इट अप.' बटण दाबा : 'टर्न इट ऑन.' पंप घरघरला आणि थांबला, तर 'द पंप हॅज ब्रोकन डाउन.' मेकॅनिकला फोन लावा, तो 'उद्या येतो' म्हणेल, आणि उद्याचं परवा झालं तर 'ही कीप्स पुटिंग इट ऑफ.' नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापणारे नऊ दिवस, सुरू झाल्यावर तोवर गरमी सहन करणं आलंच : 'वी हॅव टू पुट अप विथ द हीट.'

हे करून झालं, की त्याच रात्री तोच प्रसंग भूतकाळात सांगा. 'टुक इट डाउन, वाइप्ड इट ऑफ, फिल्ड इट अप.' मोबाइलवर दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. आपला आवाज ऐकायला सगळ्यांनाच लाज वाटते. एकदा ऐकलं की जी चूक मी दहा वेळा सांगून सुटत नाही, ती सुटते.

कानासाठी

वाचताना ओळखू येणारी फ्रेजल व्हर्ब ऐकताना हरवते, कारण ती सुटी बोललीच जात नाही. 'पिक इट अप' हे 'पिकिटप' होतं, 'टर्न इट ऑफ' हे 'टर्निटॉफ'. अमेरिकन माणूस 'पुट इट ऑन' म्हणताना 'पुडिडॉन' असं काहीतरी म्हणतो. आपण तीन शब्दांची वाट पाहत बसतो आणि कानात एकच येतो. म्हणून स्वतःही जोडून बोलायचा सराव करा. स्वतःच्या तोंडातून निघालेला आवाज दुसऱ्याच्या तोंडून लवकर ओळखता येतो.

जोर कुठे द्यायचा तेही बघा. क्रियापद म्हणून वापरताना जोर बहुधा शेपटावर : 'टर्न इट ऑफ'मध्ये 'ऑफ' ठळक. त्याच जोडीचं नाम झालं की जोर पुढे सरकतो : 'चेकइन'मध्ये 'चेक' ठळक. अशी नामं तर आपल्या मराठीत कधीचीच मुक्कामाला आलीत. बॅकअप, सेटअप, मेकअप, चेकअप, लॉगिन, नॉकआउट, आणि क्रिकेटमुळे फॉलोऑन. भाजी घेऊन येणारी गाडीसुद्धा पिकअपच. एक दिवस ही नामं गोळा करा आणि प्रत्येकाचं क्रियापद करून वाक्य बनवा : 'बॅक अप युवर फोटोज', 'सेट अप द प्रिंटर'. 'मेकअप'ला मात्र जपा, कारण 'मेक अप अ स्टोरी' म्हणजे गोष्ट रचून सांगणं, थाप मारणं. तोंड रंगवण्याशी त्याचा संबंध नाही.

ऐकायला यूग्लिश ही साइट उपयोगाची आहे. शब्द टाकला, की तो जिथे बोलला गेलाय ते व्हिडिओ एकामागून एक लागतात. एका फ्रेजल व्हर्बचे पाच तुकडे ऐका, प्रत्येकानंतर थांबवून मागे बोला. पाचच.

आपल्याकडचे खड्डे

आपण सगळे जे म्हणतो आणि आपसात समजतो, ते बाहेरच्या माणसाला कधीकधी भलतंच कळतं. 'आय पास्ड आउट इन २०१९' हे इथल्या मुलाखतीत बिनदिक्कत चालतं. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या माणसासाठी 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणं. ब्रिटिश सैन्यात प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला तो शब्द आहे, पण आपण सैन्यात नसतो. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा, प्रश्नच मिटला.

फॉर्म आपण 'फिल अप' करतो. ब्रिटिश तो 'फिल इन' करतात, अमेरिकन 'फिल आउट'. 'फिल अप' टाकीसाठी आणि बाटलीसाठी ठेवा. 'कोप अप विथ'मधला 'अप' आपण घरून आणलेला आहे, नुसतं 'कोप विथ' पुरतं. फोनच्या बाबतीत उलट होतं, तिथे आपण शेपूट गाळतो : 'ही डिड नॉट पिक माय कॉल'. 'पिक अप' हवं. 'ऑफ द फॅन' हे तर सरळ 'पंखा ऑफ कर'चं इंग्रजी, त्याला क्रियापद द्या : 'टर्न ऑफ द फॅन'. ऑफिसात 'रिव्हर्ट बॅक' लिहायची साथ आहे. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. उत्तर देतो म्हणायचं असेल तर 'आय विल गेट बॅक टू यू'.

मीही यातून सुटलेलो नाही. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी मुलांशी ऑनलाइन बोलायला बोलावलं होतं. गुरुवारी वादळात वीज गेली. मी मेल टाकला, की सेशन शुक्रवारपर्यंत 'कॉल्ड ऑफ' आहे. मला म्हणायचं होतं पुढे ढकललंय. शुक्रवारी आठ मुलं इस्त्रीचे शर्ट घालून स्क्रीनसमोर बसली आणि पलीकडे कुणीच नाही. त्यांनी 'कॉल्ड ऑफ' वाचलं, म्हणजे रद्द, आणि ते आपल्या कामाला लागले होते. पुढे ढकलणं म्हणजे 'पुट ऑफ', रद्द करणं म्हणजे 'कॉल ऑफ'. माझ्या वहीत ही दोन वाक्यं आजही लाल शाईत आहेत.

बोलायला एक, लिहायला एक

'पुट ऑफ' गप्पांत, 'पोस्टपोन' अर्जात. 'लुक इंटू' फोनवर, 'इन्व्हेस्टिगेट' अहवालात. 'हॅंड इन' मित्राला सांगताना, 'सबमिट' कॉलेजच्या कार्यालयाला लिहिताना. लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेले जड शब्द इंग्रजीत कागदावर शोभतात, शेपटवाले तोंडात. आपली शाळा बहुतेक कागदाचंच इंग्रजी शिकवते, म्हणून आपण मित्राशीही 'आय कॅनॉट टॉलरेट धिस हीट' असं बोलतो. चूक काहीच नाही, पण पानटपरीवर 'सदरहू इसम' म्हटल्यासारखं वाटतं. तरीही सगळीच शेपटं अनौपचारिक नसतात. 'कॅरी आउट', 'सेट अप', 'पॉइंट आउट' ही अहवालातही बिनधास्त लिहा.

मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू' लिहाल, तेव्हा पुढे 'मीटिंग यू' येतं, 'मीट यू' नाही. इथला 'टू' हा शेपटाचा भाग आहे.

आठवडा कसा लावायचा

सोमवारी प्रसंग ठरवा आणि पाच निवडून वाक्यं लिहा, पंधरा मिनिटं. मंगळवार-बुधवारी वस्तूंना हात लावून 'इट'चा सराव. गुरुवारी फक्त ऐकणं. शुक्रवारी रेकॉर्डिंग. शनिवारी कुणाशी तरी बोलायचंच. जोडीदार मिळाला तर फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला एक फेरी मारा आणि ठरवा, की पाचही शब्द बोलण्यात आल्याशिवाय तर्री पोह्याची ऑर्डर द्यायची नाही. भूक लागली की शब्द पटापट आठवतात. रविवारी मागच्या आठवड्याची पानं झाकून उजळणी आणि नवीन काहीही नाही.

महिन्याच्या शेवटी वीस वाक्यं एकदम घ्या. जी अडखळत निघाली त्यांच्यापुढे ठिपका मारा. ज्यांच्यापुढे दोन महिने सलग ठिपका पडला, त्यांचं मराठी वाक्य बदला, कारण बहुतेक वेळा शब्द अवघड नसतो, त्याला लावलेला प्रसंग परका असतो. बुटीबोरीच्या त्या मुलाला 'गेट ओव्हर' काही केल्या बसेना. पुस्तकी वाक्य खोडून त्यानं स्वतःचं लिहिलं : 'मागच्या महिन्याचा ताप अजून उतरला नाही.' पुढच्या सोमवारी वर्गात शिरतानाच त्यानं ते इंग्रजीत म्हटलं, आणि 'ओव्हर'वर जोरही दिला.